मिस्टर साटम आणि एस्क्वायर साटम

एस्क्वायर हा शब्द मी 'आमटी' आणि 'अंघोळ' हे शब्द शिकले त्याच वयात शिकले असणार, कारण तो पहिल्यांदा कधी ऐकला हे मला आठवत नाही. आमचे वडील, नाना परब, मुंबईच्या कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, एका साहेबी कंपनीत जावक कारकून होते. कंपनीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर नाव-पत्ता घालायचा, जावक नोंदवहीत नोंद करायची आणि पाकीट शिपायाच्या थैलीत टाकायचं, हे त्यांचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या वेळी इंग्रजी पाकिटावर माणसाच्या नावाआधी 'मिस्टर' लावायचं की नावानंतर 'एस्क्वायर', हा प्रश्न कारकुनाची झोप उडवणारा होता. दोन्ही लावली तर लिहिणारा अडाणी ठरायचा, एकही लावलं नाही तर उद्धट, आणि चुकीचं लावलं तर पाकीट परत यायचं. आतल्या मजकुराबद्दल तक्रार करणारे कमी. बाहेरच्या नावाबद्दल तक्रार करणारे सगळे.

ठाकूरद्वारच्या एका वाडीत तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. सकाळी नळाचा सूं सूं आवाज, मग खालच्या देवळातली घंटा, मग शेजारच्या खोलीतली पेटी, आणि या सगळ्यांच्या मधून आईची नारळ खवण्याची खरखर. आई मालवणकडची. बांगड्याच्या आमटीत तिरफळं पडली की जिन्यावर पहिल्या मजल्यापर्यंत वास जायचा आणि नाना वर येतानाच म्हणायचे, "आज उशीर केला असता तर पस्तावलो असतो." जेवण झालं की ते जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर टाक घेऊन बसायचे आणि 'Esq.' मधला मोठा ई घोटायचे. त्या ईला ते एक शेपटी काढायचे. ती शेपटी साहेबाला आवडते अशी त्यांची समजूत होती. साहेबाने ती कधी पाहिली होती का, हे मी आजपर्यंत शोधू शकलेले नाही.

मी आठ-नऊ वर्षांची असताना त्यांना विचारलं, "कोण मिस्टर आणि कोण एस्क्वायर, हे ओळखायचं कसं?" नानांनी टाक दौतीत बुडवला, तो तसाच धरून ठेवला आणि बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "हे बघ नलू, सोपं आहे. ज्याच्या दारात आपण जातो, तो एस्क्वायर. जो आपल्या दारात येतो, तो मिस्टर." मी ते वहीत लिहून घेतलं. मला सगळंच लिहून घ्यायची सवय होती, अजून आहे. इस्पितळाच्या भांडारात मी उभी हयात काढली ती याच सवयीच्या जोरावर. माझ्या हाताखालच्या मुली पाठीमागे मला 'यादीबाई' म्हणायच्या. मला ते माहीत होतं. तेही मी लिहून ठेवलं होतं.

आमची शालूताई तेव्हा सव्वीस वर्षांची होती आणि टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. दिवसभर ती कानाला यंत्र लावून लोकांना लोकांशी जोडून द्यायची आणि तिचं स्वतःचं काही जुळत नव्हतं. तीन स्थळं येऊन गेली होती. तिसऱ्याने तर सरळ कळवलं की मुलगी आम्हालाच फार प्रश्न विचारते. त्यानंतर घरात लग्नाचा विषय निघाला की ताई उठून घागर घासायला घ्यायची. आमच्या घरातली घागर त्या वर्षी जेवढी लखलखत होती तेवढी पुन्हा कधी लखलखली नाही.

चौथं स्थळ सुचवलं दत्तारामकाकांनी. दत्ताराम साटम लालबागला एका डॉक्टरच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. नानांचा गुडघा दाखवायला आम्ही तिथे गेलो, तेव्हा औषधाच्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवता चिकटवता त्यांनी पुतण्याची गोष्ट काढली. माधव साटम, परळच्या शाळेत मराठी शिकवणारा. वडील भिकाजीराव एका कापड गिरणीत टाइमकीपर. आई नाही. थोरले भिकाजीराव आणि धाकटे दत्तारामकाका, दोघे भाऊ परळला एकाच चाळीत, शेजारी शेजारी. पुढच्या रविवारी भिकाजीराव मुलाला घेऊन आमच्याकडे आले. काका दवाखान्यामुळे येऊ शकले नाहीत. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. भिंतीभिंतींवर खडूने 'झालाच पाहिजे' लिहिलेलं असायचं, आणि माधवराव मोर्चात पोलिसाची काठी खाऊन आलेले, उजवा हात गळ्यात बांधलेला. त्यांनी आईच्या करंज्या डाव्या हाताने खाल्ल्या. आईला ते आवडलं नाही. ताईला फार आवडलं. तिने त्यांना अकरा प्रश्न विचारले, मी मोजले, आणि त्यांनी अकराही उत्तरं दिली. मग त्यांनी एक विचारला. तो काय होता ते ताईने आजवर सांगितलेलं नाही.

लग्न ठरलं. पत्रिकांवरून मात्र थोडी कुरकुर झाली. माधवरावांचं म्हणणं, पत्रिका मराठीतच हवी. आपण रस्त्यावर मराठीसाठी ओरडायचं आणि घरात इंग्रजी पत्रिका छापायच्या, हे दिसतं कसं? नाना म्हणाले, मराठी तर छापूच, पण ऑफिसातल्या माणसांसाठी शंभर इंग्रजीही छापू, आणि त्यातलीच एकेक व्याह्यांनाही मानाने पोस्टाने पाठवू. अक्षत घेऊन आपण जाऊ ते वेगळं. पोस्टाने गेलेल्या पाकिटाला वजन असतं, असं नानांचं ठाम मत होतं. सगळ्याच पाकिटांवर इंग्रजीत नावं घालायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा तेरा वर्षांची, अक्षर वळणदार, आणि नियम, नावांच्या यादीसकट, वहीत तयार. कोटातली पाकिटं नानांनी एकेक करून तपासली. घरगुती पाकिटं मात्र त्यांनी न बघताच पोस्टात टाकली. ऑफिसात त्यांच्या नजरेखालून न गेलेलं एक पाकीट बाहेर पडलं नसेल, घरातलं पडलं.

तीन दिवसांनी संध्याकाळी दत्तारामकाका आमच्या दारात उभे. (मी मनातल्या मनात त्यांना लगेच मिस्टर केलं.) चेहरा असा, की रडावं की हसावं ते ठरत नसलेला.

"वैनी, काय सांगू तुमका," ते आईला म्हणाले, "दादा कालपासून जेवाक नाय."

"अगो बाई! ताप?"

"ताप कसला. पोस्टमन."

मग कळलं ते असं. पोस्टमन चाळीच्या अंगणात उभा राहून नावं पुकारतो. त्याने पहिलं पाकीट काढलं आणि मोठ्याने वाचलं, "डी. जी. साटम, एस्क्वायर!" वरच्या गॅलरीत माणसं गोळा झाली. हे काय नवीन, असं कुणीतरी विचारलं. गिरणीच्या ऑफिसात शिपाई असलेला एकजण म्हणाला, हे साहेबांना लावतात, साध्या माणसाला नाही. तोवर पोस्टमनने दुसरं पाकीट काढलं. "मिस्टर बी. जी. साटम!" धाकटा एस्क्वायर, थोरला मिस्टर, कंपाउंडर साहेब, आणि तीस वर्षं गिरणीच्या गेटवर बसलेला टाइमकीपर साधा माणूस. त्या दिवसापासून दत्तारामकाका बादली घेऊन नळावर गेले की चाळ म्हणत होती, "सरा, सरा, एस्क्वायर पाणी भरायला आले."

"मला तर नळावर जायची चोरी झालीय," काका म्हणाले. पण ते पाकीट त्यांनी आतल्या खिशात जपून ठेवलेलं होतं, हे मी पाहिलं. "आणि आमचा माधव, तो काय बोलला माहीत आहे? म्हणाला, 'बाबा, पत्रिका मराठीत असती तर सगळेच श्री. झाले असते.' त्यावर दादा जे भडकले! म्हणाले, असल्या घरात सोयरीक करायची की नाही, याचा मी पुन्हा विचार करतो. मुलगा म्हणतो, मी लग्न करणार तर हिच्याशीच. पण बापाला रडवून बोहल्यावर चढणार नाही. आता बोला."

ताई आतल्या खोलीत होती. घागर घासायचा आवाज सुरू झाला. लग्न बारा दिवसांवर होतं.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "बर्वे मास्तरांना बोलव." बर्वे मास्तर दुसऱ्या मजल्यावर राहायचे. इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. त्यांच्याकडे एक एवढी जाड डिक्शनरी होती की ती आणायला दोन्ही हात लागायचे. मास्तर आले, आमच्या एकुलत्या खुर्चीवर बसले, मांडीवर डिक्शनरी उघडली आणि म्हणाले, "एस्क्वायर. मुळात लॅटिन. अर्थ, ढाल वाहणारा."

"कुणाची ढाल?" नानांनी विचारलं.

"सरदाराची. सरदार घोड्यावर बसायचा आणि हा मागून त्याची ढाल घेऊन चालायचा. त्याचं चिलखत पुसायचं, घोड्याला पाणी दाखवायचं, सरदार पडला तर त्याला उचलायचं."

"म्हणजे गडी," आई म्हणाली.

"गडी नाही हो, वहिनी. उमेदवार. पुढे तोही सरदार व्हायचा." मास्तर रंगात आले. त्यांनी सांगितलं, की मग लढाया संपल्या, ढाली भिंतीवर गेल्या, पण शब्द खाली उतरेना. तो आधी जमीनदारांना चिकटला, मग सरदारांच्या धाकट्या मुलांच्या मुलांना, मग न्यायाधीशांना, बॅरिस्टरांना. हळूहळू ज्याला कुणाची चाकरी करावी लागत नाही त्याला. आणि शेवटी, ज्याला राग येऊ नये असं वाटतं त्या कुणालाही. आपल्याकडे आल्यावर तर त्याची आणखी मजा झाली. गोरा माणूस जहाजातून उतरला की एस्क्वायर. आपला माणूस कितीही शिकला तरी मिस्टर, आणि त्यातही साहेबाची मर्जी असली तर. मोठ्या हुद्द्यावर चढलेल्या आपल्या माणसांनी या तीन अक्षरांसाठी अर्ज केलेले मास्तरांनी ऐकले होते. "तीन अक्षरं म्हणजे तीनच. पुरा शब्दही कुणी लिहीत नाही, टिंब देऊन तोडतात," मास्तर म्हणाले, "आणि आता साहेब गेला, सरकार श्री. लिहायला लागलं, तर आपण—"

"मास्तर," आई म्हणाली, "ढाल राहू दे. बारा दिवसांवर लग्न आलंय. त्याचं काय ते सांगा."

मास्तरांनी डिक्शनरी मिटली. त्याचं त्यात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हरताळ होता. ट्राम बंद, बस बंद, दुकानांच्या फळ्या लावलेल्या. नाना म्हणाले, "बरं झालं, ऑफिसला सुट्टी घ्यावी लागणार नाही. चालत जाऊ." त्यांनी नवं पाकीट काढलं, त्यावर स्वतःच्या हाताने 'B. G. Satam, Esq.' लिहिलं, शेपटीसकट, आणि मला म्हणाले, "चल." आईने गुडघ्याची आठवण केली. नाना म्हणाले, गुडघा माझा आहे. मी निघताना वही बरोबर घेतली. का घेतली ते सांगता येत नाही; अपराधी माणूस सोबत काहीतरी पुरावा घेतो, तसं असेल. ताई गॅलरीत उभी होती. ती मला म्हणाली, "नलू, तू काही बोलू नकोस हं तिथे." तिचा आवाज एक्स्चेंजवर बोलायचा तसा होता, कुठेही न हलणारा. पण तिचे हात राखेने भरलेले होते आणि ती ते पदराला पुसत होती, जे ताई कधी करत नसे.

ठाकूरद्वारपासून परळपर्यंत मी त्याआधी कधी चालले नव्हते. इतका मोकळा रस्ता मी पुन्हाही पाहिला नाही. ट्रामच्या रुळांवर पोरं गोट्या खेळत होती. ग्रँट रोडच्या पुढे एके ठिकाणी दगडांचा खच आणि फुटलेल्या काचा. नानांनी माझा हात धरला आणि त्या ओलांडून झाल्यावरही सोडला नाही. मी वाट पाहत होते, की ते कधीतरी म्हणतील, साटमांना सांगू, पोरीने चूक केली. सांगण्यासारखंच होतं ते. भायखळ्याच्या पुलावर नाना कठड्याला टेकून गुडघा चोळत उभे राहिले, तेव्हा मीच विचारलं, "तुम्ही माझं नाव सांगणार ना?"

"पाकीट माझ्या घरातून गेलंय," ते म्हणाले. "जावक माझी."

साटमांच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. गिरण्या बंद होत्या, भोंगा वाजला नव्हता, तरी भिकाजीराव कामावर जायचा बंद गळ्याचा कोट घालून खुर्चीवर बसले होते, हातात खिशातलं घड्याळ. भोंगा नसल्यामुळे ते कशाला लावून घ्यायचं हे त्यांना समजत नसावं. शेजारच्या दारातून दत्तारामकाकांनी डोकं बाहेर काढलं आणि लगेच आत घेतलं. माधवराव सकाळीच मोर्चाला गेले होते. भिकाजीराव "या" म्हणाले. "बसा" म्हणाले नाहीत.

नानांनी उभ्या उभ्याच पाकीट पुढे केलं. "चूक झाली होती, भिकाजीराव. दुरुस्त करून आणलंय."

भिकाजीरावांनी पाकीट हातात घेतलं, लांब धरून वाचलं आणि टेबलावर पालथं ठेवलं. "परब," ते म्हणाले, "मी तीस वर्षं गेटवर हजेरी घेतो. काल न आलेला माणूस आज लवकर आला, म्हणून कालचा खाडा मी पुसत नाही."

नानांनी सगळा भार एका पायावर घेतला. टेबलावरचं पालथं पाकीट आणि नानांचा तो वाकडा झालेला पाय, एवढंच मला दिसत होतं. आणि घरी गॅलरीत उभी असलेली ताई. तिचं सांगणं मी मोडलं.

"मी लिहिली ती पाकिटं," मी म्हणाले. "नानांनी बघितलीसुद्धा नव्हती. मी नियमाने लिहिली. ही बघा यादी."

भिकाजीरावांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे. आणि मग त्यांनी जे केलं ते मी माझ्या पुढच्या सगळ्या नोकरीत विसरले नाही: त्यांनी चष्मा लावला आणि वही हातात घेतली, मस्टर घ्यावं तशी. बोट एकेका ओळीवरून खाली येऊ लागलं.

"हा 'आ' काय? आणि 'ग'?"

"आ म्हणजे आले. ग म्हणजे आपण गेलो. ज्याच्या दारात आपण जातो तो एस्क्वायर, जो आपल्या दारात येतो तो मिस्टर."

"भिकाजीराव साटम, आ." त्यांनी वाचलं. "मुलगी बघायला आलो होतो, म्हणून?"

"हो."

"दत्ताराम साटम, ग. पुढे लिहिलंय गुडघा."

"नानांचा गुडघा दाखवायला आम्ही दवाखान्यात गेलो होतो."

शेजारच्या खोलीत काहीतरी भांडं पडलं. भिकाजीरावांचं बोट पुढे सरकलं. "दूधवाला, मिस्टर."

"रोज येतो."

"वाणी?"

"आम्ही जातो."

"वाणी एस्क्वायर! आणि हा कोण, पिठाच्या गिरणीवाला?"

"दळण घेऊन मीच जाते," मी म्हणाले. "तोही एस्क्वायर."

"अरे देवा," नाना पुटपुटले. त्यांनाही हे नवीन होतं. पिठाच्या गिरणीवाल्याने ते पाकीट दुकानात लावलं होतं, हे नंतर कळलं. उडालेल्या पिठाने पांढरं होऊन ते तिथे बरीच वर्षं होतं.

भिकाजीरावांनी शेवटच्या ओळीपर्यंत यादी तपासली, वही मिटली आणि नानांकडे वळले. "परब, यादी चोख आहे. एक खाडाखोड नाही. नियम कुणाचा?"

"माझा," नाना म्हणाले.

"कुठल्या पुस्तकातला?"

"पुस्तकातला नाही," नाना म्हणाले. "ऑफिसात मला कुणी नियम सांगितलाच नाही. साहेब सांगेल तसं लिहायचं. हिने विचारलं, तेव्हा काहीतरी सांगायला हवं होतं. मी आठवून पाहिलं, की मी आजवर ज्यांना ज्यांना एस्क्वायर लिहिलं, त्यांच्या दारात मी कधी ना कधी उभा राहिलेला आहे. टोपी हातात घेऊन. म्हणून तसं सांगितलं."

मला वाटायचं, हा नियम इंग्लंडहून आलाय.

"आणि यात तुमचं नाव नाही," भिकाजीराव म्हणाले.

नानांच्या वतीने मी उत्तर दिलं. "नाना पाकिटं पाठवतात. त्यांना कुणी पाठवत नाही."

"कधीच? एकदाही एस्क्वायर नाही?"

"मिस्टरसुद्धा दोनदाच," नाना म्हणाले. "एकदा नेमणुकीचं पत्र, आणि एकदा रजा नाकारल्याचं."

भिकाजीरावांनी घड्याळाचं झाकण उघडलं, मिटलं. मग खुर्ची उचलून नानांच्या मागे ठेवली आणि स्वतः खाटेवर बसले. "बसा, पायाला त्रास होतोय. माझ्या खिडकीतून मॅनेजर साहेबाचं टपाल आत जातं," ते म्हणाले. "रोज माझ्या हातून जातं. सगळं एस्क्वायर. परवा पोस्टमनने दत्ताचं नाव तसं वाचलं ना, तेव्हा मी, खोटं कशाला सांगू, कोटाची बटणं लावून गॅलरीत पुढे आलो. म्हटलं, धाकट्याला हे, तर आता थोरल्याला..." नाना खाली मान घालून ऐकत होते. दोन प्रौढ माणसं, तीन अक्षरं, आणि टेबलावर ती तीन अक्षरं पालथी पडलेली.

मग भिकाजीरावांनी मला वही परत दिली. "चेडवा, आज तुम्ही कुठून आलात?"

"ठाकूरद्वारहून. चालत."

"म्हणजे आता माझ्या नावापुढं काय येतं?"

मी पेन्सिल काढली. "आधी आ होतं. आता ग पण आलं. दोन्ही."

"मग मी कोण झालो?"

मी विचार केला. "दोन्ही असलं तर काय, हा नियमच नाही."

"मग कर की. तुझी यादी."

पुढे नोकरीत कुणी बैठकीत असा प्रश्न विचारला की मी उत्तर दुसऱ्या दिवशी द्यायचे. तेव्हा तेरा वर्षांची होते. मी म्हणाले, "दोन्ही असलं तर पाकीट पाठवायचंच नाही. घरी जाऊन सांगायचं."

भिकाजीराव हसले. गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज करून, पण हसले. "दत्ता!" त्यांनी भिंतीकडे तोंड करून हाक मारली. "ऐकून झालं असेल तर चहा ठेव. आणि तुझं ते पाकीट घेऊन ये, वाचू दे जरा मला."

चहा झाल्यावर ते म्हणाले, पाहुण्यांना पोचवायला पाहिजे, आणि आमच्याबरोबर उतरले. मला वाटलं, नाक्यापर्यंत येतील. नाना भायखळ्याला म्हणाले, "आता वळा." ते म्हणाले, "गिरणी बंद आहे, मला काय काम?" पुलाखाली समोरून मोर्चा आला. पहिल्याच रांगेत माधवराव, बरा झालेला उजवा हात उंच करून घोषणा देत होते. त्यांनी आपल्या वडलांना पाहिलं, वडलांनी नानांचा कोपर धरलेला पाहिला, आणि घोषणेचा पुढचा अर्धा भाग त्यांच्या तोंडून निघालाच नाही. मागच्या लोकांनी तो पुरा केला. भिकाजीराव मला म्हणाले, "बघितलंस? मास्तर असून विसरला."

आम्ही वाडीत वळलो तेव्हा ताई गॅलरीतच होती. सकाळपासून तिथेच होती, असं आई नंतर म्हणाली. तिने वरून तिघांना पाहिलं. नाना, मी, आणि नानांना सांभाळत हळूहळू येणारे भिकाजीराव. ती आत पळाली. तीन मजले चढायला नानांना बराच वेळ लागला. आम्ही दारात पोचलो तेव्हा आई "या, या" म्हणत सतरंजी झटकत होती आणि ताई स्टोव्हजवळ पाठमोरी उभी राहून चहात साखर घालत होती. मी पाहत होते. तिने साखर घातली, डबा ठेवला, पुन्हा उघडला आणि पुन्हा घातली. एरवी चहा मोजून करणारी ताई; कुणी काही बोलायच्या आत तिने तिसऱ्यांदाही घातली असती, पण मी डबा उचलला.

भिकाजीरावांनी कप घेतला. एक घोट घेतला. आम्ही सगळे बघत होतो. ते कप संपेपर्यंत प्यायले, मग बशीत सांडलेलाही प्यायले.

"फार गोड झालाय का?" ताईने विचारलं. तिचा आवाज एक्स्चेंजचा नव्हता.

भिकाजीरावांनी सवयीने खिशातलं घड्याळ काढून पाहिलं.

"वेळेवर आहे, सूनबाई," ते म्हणाले.